दुपारी दोनची गोळी

माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला तर तो शंभर-सत्तरच्या आसपास भरतो. "मॅडम, बीपी तर एकदम चांगलं आहे," असं मोजणारा म्हणतो आणि त्याचं म्हणणं खरंच असतं. माझा वाढलेला दाब वेगळा आहे. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमधला हा दाब पट्ट्याने कळत नाही. निरोगी माणसात त्याची सरासरी १४ च्या जवळपास असते. २० च्या वर गेली की आजार धरतात. नागपूरला मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन माझा दाब मोजला, तेव्हा तो ५२ निघाला. या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात.

मी घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर घाटंजीत. यवतमाळ इथून चाळीसेक किलोमीटर आणि माझे हृदयाचे डॉक्टर नागपूरला, म्हणजे यवतमाळहून पुढे आणखी दीडशे. डॉक्टर औषध लिहून देतात आणि आपण गावी परत येतो. त्यानंतर ते औषध रोज ठरल्या वेळी पोटात जाणं, ते कधीही न संपणं आणि त्याच्याशी न जमणारं दुसरं काही पोटात न जाणं, हे सगळं गावातच सांभाळावं लागतं. ते एकटीने सांभाळता येत नाही, एवढं आजाराच्या या वर्षांनी मला पक्कं शिकवलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

लहानपणी मी खेळात लवकर बसायची. घरचे म्हणत, पोरगी नाजूक आहे. लग्न झालं, मुलगी झाली आणि त्यानंतर दम वाढत गेला. बस स्टॉपपासून शाळेपर्यंतचा चढ आधी एका दमात व्हायचा, मग मध्ये थांबून, मग दोनदा थांबून. फळ्यावर लिहिता लिहिता बोलणं जमेना. संध्याकाळी पैंजण पायात रुतायचे. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, दमा असेल म्हणून पंप झाला. शेवटी यवतमाळला इको केला आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असल्याचं कळलं. ते जन्मापासूनच होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्या भोकातून वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त फुप्फुसाकडे जात राहिलं. तो भार सोसता सोसता तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या. ठिबकच्या नळ्या क्षारांनी आतून भरत जाव्यात, तसं. आता त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू दमते. मी विचारलं, भोक बंद करता येईल का? ते म्हणाले, लहानपणी सहज आलं असतं. आता दाब इतका वाढलाय की बंद केलं तर उजव्या बाजूला मोकळं व्हायला वाटच उरणार नाही. तेव्हा गोळ्यांवरच राहायचं.

मला सिल्डेनाफिल आणि बोसेंटान ही दोन मुख्य औषधं सुरू झाली. सोबत लघवीची गोळी, म्हणजे टॉर्सेमाइड. सिल्डेनाफिल वाहिन्यांच्या भिंतींमधले स्नायू सैल करतं. आपल्याच शरीरात एंडोथेलिन नावाचा एक पदार्थ वाहिन्या आवळतो. तो १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधला. बोसेंटान त्याचा रस्ता अडवतं. माझ्या गोळ्यांची मात्रा माझ्यासाठी ठरवलेली आहे. ती वाचून कुणी स्वतःला लावून घेऊ नये म्हणून इथे देत नाही.

सिल्डेनाफिल हे नाव मेडिकलच्या काउंटरवर बाईने उच्चारलं की काय होतं, हे सांगायला हवं. हेच औषध १९९८ पासून व्हायग्रा या नावाने जगभर माहीत झालं. मुळात शास्त्रज्ञ ते छातीच्या दुखण्यासाठी शोधत होते. वाहिन्या सैल करण्याचा गुण त्यातूनच दिसला, आणि २००५ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या या आजारासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. पण गावातल्या दुकानात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांना हा इतिहास माहीत नसतो. आमच्या यांना पहिल्यांदा चिठ्ठी दाखवताना अवघडल्यासारखं झालं. मग मी स्वतः गेले. फाइल उघडून इकोचा रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, हे माझ्या फुप्फुसासाठी आहे. दिवसातून तीनदा, रोज, बहुतेक आयुष्यभर. तुम्ही मला हे कधी कमी पडू देऊ नका." दुकानदाराने रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. त्या दिवसापासून माझ्या औषधांचं एक खोकं त्याच्या दुकानात वेगळं असतं.

या खोक्याचं महत्त्व बाहेरच्याला पटकन कळत नाही. बोसेंटान काही प्रत्येक दुकानात मिळणारं औषध नाही. घाटंजीत ते मागवावं लागतं. कधी यवतमाळहून येतं, कधी नागपूरहून. आणि ही औषधं मध्येच तुटली तर दाब पुन्हा उसळी घेऊ शकतो. म्हणून आमच्या घरी नियम आहे: पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन सांगायच्या, संपायची वाट पाहायची नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, एसटी थांबली, जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा हा पंधरा दिवसांचा साठा कामी आला. तो संपायच्या आत दुकानदाराने यवतमाळहून भाजीच्या गाडीने माझं पाकीट आणवलं.

आता वेळेचं. सिल्डेनाफिल रक्तात फार काळ टिकत नाही. चारेक तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून ते दिवसातून तीनदा घ्यायचं. मी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा वेळा बांधल्या आहेत. सकाळ आणि रात्र घरची असते. दुपारी दोन मात्र शाळेची वेळ, आणि वर्गात शिकवताना घड्याळाकडे लक्ष राहीलच असं नाही. मी मुख्याध्यापकांना आणि सोबतच्या दोन शिक्षिकांना आजार समजावून सांगितला. पर्समध्ये एक डबी असते, एक पट्टी शाळेच्या कपाटात असते. दोन वाजले आणि मी वर्गात असले, तर दारात कुणीतरी येऊन नुसतं उभं राहतं; मुलंच सांगतात, "मॅडम, गोळी." आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी हेही सांगितलंय की मॅडमला बसून शिकवावं लागतं, कारण मॅडमच्या हृदयाला जास्त काम पडतं. त्यांना ते सरळ कळतं.

सासूबाईंना सुरुवातीला प्रश्न पडला होता उपवासाचा. मी धास्तावले होते की नवरात्रात काय करायचं. त्यांनीच निकाल लावला: "औषधाले कायचा उपास वं? घेऊन टाक. देवाले समजते." त्या दिवसानंतर घरात हा विषय निघाला नाही.

बोसेंटान यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. आपल्याला बरं वाटतंय म्हणून ही तपासणी टाळायची नाही, कारण यकृत बिघडू लागल्याचं आधी रक्तात दिसतं, अंगावर नंतर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी लॅबमध्ये रक्त देते, रिपोर्टचा फोटो नागपूरला पाठवते, तिकडून "चालू ठेवा" असा निरोप येतो. या छोट्या निरोपावर माझा महिना उभा असतो.

याच औषधाची दुसरी बाजू बोलायला अवघड, पण बायकांसाठी सगळ्यांत महत्त्वाची. बोसेंटान पोटातल्या बाळाला अपाय करतं. त्याहून मोठं म्हणजे, या आजारात गरोदरपण आईच्याच जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं: पुन्हा दिवस जाता कामा नयेत. बोसेंटान असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, हेही सांगितलं. आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की ते बाईचंच, असं सगळे धरून चालतात. पण मला भूल देणं हीच जोखीम होती. यांनी नसबंदी करून घेतली. बिनटाक्याची शस्त्रक्रिया, थोड्या वेळात घरी. त्यानंतर तपासणीत खात्री होईपर्यंत तीनेक महिने दुसरी काळजी घ्यायची असते, तीही घेतली. मित्रांमध्ये कुजबुज झाली असेल, पण ती यांनी घरापर्यंत येऊ दिली नाही. माझ्या औषधोपचारात या एका निर्णयाचा वाटा कुठल्याही गोळीइतका मोठा आहे.

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नात मी मांडवात चक्कर येऊन खाली बसले. घाम फुटला, छाती दडपली. एका वडीलधाऱ्यांनी मायेने खिशातून स्वतःची हृदयाची गोळी काढली. "जिभेखाली ठेव बाई, लगेच बरं वाटते." ती सॉर्बिट्रेट होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने त्यांचा हात धरला. "आबाजी, ही गोळी आईला नाही चालत. तिच्या औषधाबरोबर घेतली तर बीपी एकदम खाली जाते." ती तेव्हा आठवीत होती. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट जातीची गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. आणि आपल्याकडे छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट, हे घराघरात माहीत झालेलं आहे. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला धोका आहे तो चांगल्या मनाने मदत करणाऱ्यांकडूनच. मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्या वतीने बोलणारं कुणीतरी जवळ असायला हवं.

म्हणून माझ्या पर्समध्ये आणि मोबाइलच्या कव्हरमागे मराठीत लिहिलेला कागद आहे. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर आणि खाली ठळक अक्षरांत: जिभेखालची गोळी देऊ नका. विचारल्याशिवाय सलाईन लावू नका. दुखण्याची किंवा सर्दीची गोळी आपल्या मनाने देऊ नका.

सलाईनचं का, तेही सांगते. आमच्या भागात अशक्तपणा आला, ताप आला, ऊन लागलं की "एक सलाईन लावून द्या" असं पेशंटच सांगतो. माझ्या दमलेल्या उजव्या हृदयावर बाटलीभर मिठाचं पाणी घाईने सोडलं तर सूज आणि दम वाढतो. आणि भोक उघडं असल्यामुळे शिरेतून गेलेला हवेचा बुडबुडा पलीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकतो. म्हणून मला सुई लावायची वेळ आली तर नळीत हवा राहणार नाही याची दुप्पट काळजी घ्यायला सांगावं लागतं. दात काढायचा झाला तरी आधी नागपूरला फोन करते.

रोजच्या काळजीत पहिला नंबर वजनाचा. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी काट्यावर उभी राहते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. पाय सुजण्याच्या आधी काटा ते सांगतो. तेव्हा फोन करायचा, लघवीची गोळी किती वाढवायची ते डॉक्टर सांगतात.

मिठाने घरात सगळ्यांत जास्त बदल मागितला. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ सांगते. वऱ्हाडी जेवणात तेवढं तर ठेचा आणि लोणच्यातच जातं. उन्हाळ्यात सासूबाईंचे पापड, कुरडया, सांडगे उन्हात पसरलेले असतात. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो. "एवढुसं लोणचं खाल्ल्यानं काय होते?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांना माझ्या घोट्यावर बोट दाबून उमटलेला खड्डा दाखवला. त्यानंतर त्यांनी सगळ्यांचंच वरण कमी मिठाचं करायला घेतलं. ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यावं. तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा, लिंबू, लसूण, जिरं यांनी तोंडाची चव राखली.

उन्हाळा मात्र कठीण जातो. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. एकीकडे पाणी मोजून प्यायचं, दुसरीकडे अंगातलं पाणी उडून चक्कर येऊ द्यायची नाही. त्यातून भेटेल तो लिंबू-साखर-मिठाचं सरबत पुढे करतो. डॉक्टरांनी माझ्या पाण्याची हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची मर्यादा वेगळी ठरवून दिली आहे. सकाळी तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवते. चहा, ताक, वरण हेही त्यात धरते. नारळपाणी विचारल्याशिवाय घेत नाही, कारण काही लघवीच्या गोळ्यांबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. अकरानंतर उन्हात जात नाही. तहान फार लागली की चूळ भरते, ओला पंचा मानेवर ठेवते.

बाकीच्या सवयी लहान आहेत, पण त्यांच्यावरच दिवस निभतो. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने; फार कढत पाण्याने चक्कर येते. भरलेली बादली उचलायची नाही, श्वास रोखून जोर लावायचा नाही, म्हणून रात्री इसबगोल. कणीक ओट्यापाशी खुर्चीवर बसून मळते. शेतात पऱ्हाटी जाळतात त्या दिवसांत दारं-खिडक्या लावून घेते. फवारणीच्या दिवसांत शेताकडे फिरकत नाही. २०१७ साली या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून ती धास्ती इथे सगळ्यांनाच आहे. दरवर्षी फ्लूची लस घेते. सकाळी सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने चालते. चक्करेची चाहूल लागली की थांबते. नागपूरला दर तपासणीत सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजतात. तो आकडा वाढला की घरी गोड होतं.

आजार कळला तेव्हा यांनी मोबाइलवर वाचलं की या पेशंटपैकी निम्मे तीन वर्षंही जगत नाहीत. हे त्यांनी माझ्यापासून लपवलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पुढच्या भेटीत मीच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की तो आकडा अमेरिकेतल्या १९८० च्या दशकातल्या पेशंटचा आहे, ज्यांचा आजार कुठल्याही कारणाशिवाय सुरू झाला होता, आणि तेव्हा या आजारावर एकही खास औषध नव्हतं. पहिलं औषध १९९५ मध्ये आलं, तेही शिरेतून चोवीस तास द्यायचं. बोसेंटान २००१ चं, सिल्डेनाफिल २००५ चं. हे ऐकून भीती गेली असं नाही. पण आपण कोणत्या काळात आजारी पडलो ते कळलं, आणि गोळी वेळेवर घेण्याला बळ आलं. पुढे २०२४ मध्येही एक नवीन औषध मान्य झालं.

ओपीडीच्या बाकावर वेगवेगळ्या वाटांनी या आजारापर्यंत पोचलेली माणसं भेटतात. एका शेतमजूर बाईला लहानपणी घसा सुजून सांध्यांचा ताप आला होता. त्याने हृदयाची झडप आकसली आणि दाब मागे फुप्फुसात साठला. तिची झडप फुग्याने उघडली. ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झालं. पण दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन तिला चुकवता येत नाही, आणि त्या दिवशीची मजुरी बुडते. एक मुलगा सिकलसेलचा होता. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि त्यातूनही फुप्फुसातला दाब वाढू शकतो. माझा पगार आहे, म्हणून महिन्याच्या गोळ्या मला झेपतात. योजनांचा भर भरती आणि शस्त्रक्रियेवर आहे; रोजच्या गोळ्यांचा खर्च घरावरच पडतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून या गोळ्या दर महिन्याला खात्रीने मिळाल्या पाहिजेत. मजुरी करणाऱ्या बाईला हा उपचार पैशांमुळे सोडून द्यावा लागू नये.

शिक्षिका म्हणून माझ्या हातात एक गोष्ट आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत मुलं तपासायला येतात. त्यांच्याकडे वेळ थोडा आणि मुलं पुष्कळ. मी आधीच यादी काढून ठेवते: खेळात कोण लवकर बसतं, कोणाला सारखा खोकला होतो, कोणाचं वजन वाढत नाही, पळून आल्यावर कोणाचे ओठ निळसर दिसतात. ती मुलं डॉक्टरांपुढे आधी उभी करते आणि छाती नीट ऐकायला सांगते. पडद्याचं भोक वेळेत सापडलं तर ते बंद होतं, आणि ते मूल पुढे दुपारी दोनच्या गोळीशिवाय मोठं होतं.

आता कुणाला नवीन निदान झालं की घाटंजी, पारवा, पांढरकवड्याकडची माणसं ओळखीतून माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, औषधाचं काही सांगत नाही. एवढंच सांगते: पहिल्याच आठवड्यात चार माणसांना सगळं समजावून सांगा. घरातलं एक, कामावरचं एक, मेडिकलवाला आणि एखादं शाळेत जाणारं मूल. औषधांची नावं त्यांच्याकडून पाठ करून घ्या, आणि कोणती गोळी चालत नाही ते आधी पाठ करून घ्या.